ओव्हरक्लॉकिंगच्या नोंदी: रायझन ५ ५६००, ३२ जीबी रॅम आणि अकोल्याचा उन्हाळा

४ जानेवारी २०२५, शनिवार

आधी मशीन आणि काम सांगतो. रायझन ५ ५६००, बी५५० चा मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, ५५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि प्रोसेसरच्या डब्यात आलेला बुटका कूलर. शेतांचे ड्रोनने काढलेले फोटो ओपनड्रोनमॅपमध्ये टाकून मी नकाशे तयार करतो. हंगामात दिवसाला चार-पाच शेतं येतात आणि मशीन रात्रभर चालू राहतं. नवीन मशीनचे पैसे सध्या नाहीत, म्हणून ओव्हरक्लॉकिंग करून, म्हणजे सुटे भाग ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून, आहे त्यातूनच काय निघतं ते बघायचं ठरवलं.

आज काहीच बदललं नाही, फक्त मोजलं. ३०० फोटोंचा एक जुना संच बाजूला काढून ठेवला. यापुढे प्रत्येक बदलानंतर हाच संच चालवायचा. आजचा वेळ १ तास ५२ मिनिटं. सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या चाचणीत सगळ्या कोअरचे (प्रोसेसरमधल्या कामकरी भागांचे) मिळून १०,३४० आणि एका कोअरचे १,४४२ गुण आले. खोलीत २५ अंश होते आणि प्रोसेसर ८८ वर गेला. याची कमाल मर्यादा ९० आहे. म्हणजे भर थंडीतच तो काठावर उभा आहे, मग मे महिन्यात त्याचं काय होत असेल?

दुसरी गोष्ट सापडली ती जास्त लागली. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग २६६६ दिसत होता. रॅमवर तर ३२०० छापलेलं आहे. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्यावर छापलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग, कधी सुरूच केलेली नव्हती. दोन वर्षं मी ३२०० चे पैसे देऊन २६६६ वापरत होतो. कोणी हे वाचून फक्त आपल्या रॅमचा वेग तपासला, तरी ही नोंद लिहिल्याचं चीज झालं.

५ जानेवारी, रविवार

एक्सएमपी सुरू केलं: ३२००, टायमिंग (रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते ते आकडे) १६-१८-१८-३८, १.३५ व्होल्ट. मशीन पहिल्याच झटक्यात उठलं. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम-चाचणीच्या चारही फेऱ्या रात्रभर चालवल्या आणि एकही चूक आली नाही. नकाशाचा वेळ १ तास ४६ मिनिटं. एक पैसा न खर्चता सहा मिनिटं वाचली.

एक गोष्ट नीट कळू द्या. एएमडीच्या लेखी या प्रोसेसरची अधिकृत मेमरी ३२०० पर्यंतच आहे. त्यापुढे जे काही कराल, आणि पीबीओसुद्धा (प्रोसेसरच्या विजेच्या मर्यादा वाढवणारी सेटिंग), ते वॉरंटीच्या बाहेर आहे. माझी वॉरंटी अजून शिल्लक आहे, हे माहीत असूनच मी पुढे जातोय. आणि बोर्ड ए५२० चा असेल तर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग त्यावर होतच नाही, त्यासाठी बी४५०, बी५५० किंवा त्यावरचा चिपसेट लागतो.

११ जानेवारी, शनिवार

कूलर बदलला. १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर घेतला, २,४५० रुपये. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची पेस्ट सोबतच आली. काम पाऊण तासाचं होतं, मला पाच तास लागले.

पहिली चूक अशी की मशीन सकाळी थंड असतानाच उघडलं. जुन्या कूलरचे चार स्क्रू सोडले आणि कूलर सरळ वर ओढला. पेस्ट सुकून घट्ट झालेली होती. सॉकेटची दांडी लावलेली असूनही कूलरला चिकटून प्रोसेसर बाहेर आला. ‘टक्’ असा आवाज झाला आणि माझे हात गार पडले.

प्रोसेसर उलटा करून खिडकीपाशी नेला. एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला खाली १,३३१ पिना असतात, केसासारख्या बारीक. डोळ्यासमोर आडवा धरून पाहिलं की पिनांच्या सरळ रांगा दिसतात, हरभऱ्याच्या तासांसारख्या. एका कोपऱ्यात दोन पिना रांग सोडून झुकलेल्या होत्या. ०.७ च्या यांत्रिक पेन्सिलीतली शिस काढून टाकली, तिचं पोकळ टोक पिनेवर अलगद बसवलं आणि कणाकणाने पिन उभी केली. जोर लावायचाच नाही. पिन परत-परत वाकवली की तुटते. दोन पिनांना दीड तास लागला. नंतर प्रोसेसर सॉकेटवर नुसता ठेवला आणि तो आपल्या वजनानेच आत बसला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

बरोबर पद्धत मला नंतर कळली, ती लिहून ठेवतो. आधी दहा मिनिटं सिनेबेंच चालवून पेस्ट कोमट करा. मग मशीन बंद करून, प्लग काढून, स्क्रू फुलीच्या क्रमाने थोडे-थोडे सैल करा. कूलर वर ओढू नका. डावीकडे-उजवीकडे हळूहळू पिळा आणि सुटला की मगच उचला.

दुसरी अडचण मागच्या पत्र्याची. बुटका कूलर थेट बोर्डामागच्या पत्र्यात स्क्रूने बसतो, त्यामुळे स्क्रू निघाले की तो पत्रा मागे गळून पडतो. माझा कॅबिनेटच्या तळाशी गेला. बोर्ड आडवा झोपवून काम केलं असतं आणि मागून हात लावून ठेवला असता, तर हे झालं नसतं.

संध्याकाळी सहाला मशीन उठलं. त्याच सिनेबेंचला तापमान ८८ वरून ६७ वर आलं. गुण १०,८९०. नकाशा १ तास ४३ मिनिटं. आधी प्रोसेसर गरम होऊन स्वतःच वेग कमी करत होता, हे आता आकड्यातच दिसलं. उष्ण भागात राहणाऱ्याने पहिला पैसा कूलरवर घालावा, बाकीचं नंतर.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीची सुट्टी. बायोस अपडेट केलं, कारण जुन्यात कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची सेटिंग) नव्हतं. फाइल एफएटी३२ च्या पेनड्राइव्हवर घेतली आणि मशीन यूपीएसवर ठेवलं. आमच्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही आणि अपडेट अर्ध्यावर तुटलं तर बोर्ड निकामी होऊ शकतो. पाच मिनिटांत झालं. अपडेटमुळे सगळ्या सेटिंग पुसल्या जातात, म्हणून एक्सएमपी परत लावलं आणि प्रोफाइल पेनड्राइव्हवर जतन केलं.

१८ जानेवारी, शनिवार

आता प्रोसेसर. सगळ्या कोअरना एकच ठराविक वेग आणि ठराविक व्होल्टेज द्यायची जुनी रीत मी वापरली नाही. त्यात सगळे कोअर एका वेगावर अडकतात, एकट्या कोअरची वर जायची मुभा जाते आणि मशीन निवांत असतानाही व्होल्टेज चढलेलं राहतं. पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर हा रस्ता धरला. प्रोसेसर आपला वेग स्वतःच ठरवतो, आपण फक्त त्याच्या मर्यादा आणि व्होल्टेजची रेषा हलवतो.

मूळ मर्यादा पीपीटी (एकूण वीज) ७६ वॅट, टीडीसी (सलग प्रवाह) ६० अँपिअर, ईडीसी (क्षणिक कमाल प्रवाह) ९० अँपिअर अशा आहेत. मी ९५, ७० आणि १०५ केल्या. कमाल वेगाला २०० मेगाहर्ट्झची जोड दिली, म्हणजे ४४५० वरून ४६५०. कर्व्ह ऑप्टिमायझर सगळ्या कोअरना सरसकट उणे ३०. एकेक आकडा साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टचा असतो आणि उणे ३० ही शेवटची पायरी.

सिनेबेंच ११,८२० आणि १,५६०. तापमान ७४. पुन्हा चालवलं, तेच आलं. प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं प्राइम९५ एक तास चालवलं, काही झालं नाही. मी खूश होऊन रात्री दोन नकाशे लावून झोपलो.

२० जानेवारी, सोमवार

दोन रात्री मशीन आपोआप रीस्टार्ट झालेलं. पहिल्या रात्री नकाशे पूर्ण झाल्यानंतर, पहाटे चारला. दुसऱ्या रात्री तर काही कामच नव्हतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दोन्ही वेळा डब्ल्यूएचईए-लॉगर, क्रमांक १८, म्हणजे हार्डवेअरची चूक.

पूर्ण ताकदीच्या चाचणीत पास होणारं मशीन रिकामं बसलेलं असताना का पडतं, यावर दिवस घालवला. सगळे कोअर एकदम राबतात तेव्हा वेग ४५००च्या आसपासच असतो, त्यामुळे उणे ३० पुरतं. एकटाच कोअर क्षणभर ४६५० वर उडी मारतो तेव्हा त्याला जास्त व्होल्टेज लागतं आणि नेमकं तिथेच आपण ते कापलेलं असतं. म्हणून सिनेबेंच आणि सगळ्या कोअरवरचं प्राइम९५, दोन्ही या कामासाठी अपुरी आहेत. माझे दोन दिवस यात गेले.

२५ ते २८ जानेवारी

कोअरसायक्लर लावलं. ही स्क्रिप्ट फुकट मिळते. ती एका वेळी एकाच कोअरवर प्राइम९५ चालवते आणि कोणता कोअर चुकला ते नावानिशी सांगते. एसएसई हा हलका मोड ठेवायचा, कारण त्यात कोअर सगळ्यात वर चढतो.

उणे ३० वर कोअर २ अकरा सेकंदांत चुकला. कोअर ४ तीन मिनिटांत. हेच दोघे एएमडीने सगळ्यात चांगले म्हणून खूण केलेले कोअर आहेत. चांगल्या कोअरना आधीच कारखान्यातून कमी व्होल्टेज ठरवून दिलेलं असतं, त्यामुळे त्यांच्याकडून आणखी कापायला फारसं उरत नाही. ही गोष्ट आधी माहीत असती तर पहिल्या दिवशीच त्या दोघांना वेगळं काढलं असतं.

चार रात्री लागल्या. चुकलेल्या कोअरला दोन-तीन आकडे परत द्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. शेवटी कोअर २ ला उणे १०, कोअर ४ ला उणे १३ आणि बाकीच्या चौघांना उणे २४. यावर सलग बारा तास चूक नाही. त्यानंतर प्रत्येकाला आणखी दोन आकडे परत दिले. ही राखीव जागा आहे, ती ठेवायलाच हवी. म्हणजे शेवटचे आकडे उणे ८, उणे ११, उणे २२.

सिनेबेंच ११,७४०. उणे ३० पेक्षा फक्त ८० गुण कमी. या ८० गुणांसाठी मी दोन रात्री मशीन पाडलं होतं. नकाशा १ तास ३७ मिनिटं.

१ फेब्रुवारी, शनिवार

रॅमकडे वळलो. थायफून बर्नर या प्रोग्रॅमने रॅमच्या चिप पाहिल्या, हायनिक्स कंपनीच्या सीजेआर निघाल्या. या चिप ३६०० सहज गाठतात, पण त्यांचं टीआरसीडी (टायमिंगमधला दुसरा आकडा) व्होल्टेज वाढवूनही खाली येत नाही, तिथे झगडण्यात अर्थ नाही.

या प्रोसेसरात रॅमचा घड्याळ-वेग आणि इन्फिनिटी फॅब्रिकचा (प्रोसेसरच्या आतल्या जोडरस्त्याचा) वेग एकास एक ठेवायचा असतो. ३६०० रॅमचं घड्याळ निम्म्याने, १८०० वर चालतं, म्हणजे फॅब्रिकही १८००. हे नातं तुटलं की रॅमचा आकडा वाढूनही काम मंदावतं. पहिल्यांदा ३६०० ला १८-२२-२२-४२ लावलं. मशीन उठलं, पण कागदावर हिशोब मांडला तेव्हा दिसलं की ३२०० ला १६ म्हणजे १० नॅनोसेकंद आणि ३६०० ला १८ म्हणजेही १० नॅनोसेकंद. ३६०० ला १६ बसलं तर ८.९. म्हणून १६-२०-२०-३८ आणि १.४० व्होल्ट.

तीन वेळा काळा पडदा. तिसऱ्यांदा बोर्ड स्वतःहून मूळ सेटिंगवर गेलंच नाही. प्लग काढला आणि बोर्डावरच्या सीमॉस क्लिअरच्या (बायोसच्या सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडून धरल्या. मग उठलं. कारण सापडलं ते एसओसी व्होल्टेजमध्ये (प्रोसेसरमधल्या मेमरी-नियंत्रकाला मिळणाऱ्या). ऑटोवर बोर्ड दर वेळी वेगळं देत होतं, एकदा तर १.१८. हाताने १.१० वर पक्कं केलं आणि नंतर एकदाही अडलं नाही.

टीआरएफसी (रॅमला रिफ्रेशसाठी दिलेला वेळ) ऑटोवर ६३० होतं, म्हणजे ३५० नॅनोसेकंद. ४८६ वर आणलं, २७० नॅनोसेकंद. खरा फायदा इथेच आहे, बाकी दुय्यम टायमिंगवर दोन संध्याकाळी घालवून हातात काही लागलं नाही. मेमटेस्ट८६ च्या चार फेऱ्या स्वच्छ, दुसरी रॅम-चाचणी टेस्टमेम५ तीन तास स्वच्छ. नकाशा १ तास ३३ मिनिटं.

इथेच थांबायला हवं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

शुक्रवारी रात्री ३७३३ आणि फॅब्रिक १८६६ करून पाहिलं. मशीन उठलं. टेस्टमेम५ चाळीस मिनिटं चाललं, चूक नाही. उशीर झाला होता, म्हणून तिथेच बंद केलं आणि ‘उद्या रात्री पूर्ण चालवू’ म्हणून तसंच सोडलं.

शनिवारी सकाळी बाळापूरच्या बाजूला घाट्यांवर आलेल्या हरभऱ्याचं उड्डाण होतं. ४१२ फोटो. घरी येऊन कार्डावरून डिस्कवर घेतले आणि पुढच्या कामासाठी कार्ड फॉरमॅट केलं.

नकाशा १९ टक्क्यांवर थांबला. एक फोटो उघडत नव्हता. मग सगळे चाळून पाहिले. ९ फोटोंमध्ये वरचा भाग ठीक, आणि एका ओळीपासून खाली नुसता राखाडी पट्टा किंवा जांभळट, सरकलेलं शेत. जेपीईजीमध्ये एक बिट जरी उलटला तरी तिथून पुढचं चित्र बिघडू शकतं. कार्ड ठीक होतं, केबल ठीक होती. कॉपी करताना फाइल रॅममधून जाते आणि रॅम खोटं बोलत होती. ड्राइव्हने मात्र मिळालं ते इमानाने लिहिलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए क्रमांक १९ च्या पंचवीस-तीस नोंदी होत्या, फॅब्रिकच्या. कोणताही निळा पडदा नाही, रीस्टार्ट नाही, इशारा नाही.

ज्यांचं शेत होतं त्या काकांना फोन केला. “काका, माझ्या मशीनच्या चुकीने काही फोटो खराब झाले, परत यावं लागेल. पैसे नाही घेणार.” ते म्हणाले, “या ना मंग. वावर काय पळून चाल्लं का?” आठवडाभराने सोंगणी झाली असती तर हे उत्तर मिळालं नसतं. आज परत जाऊन उडवलं. अर्धा दिवस, पेट्रोल ३२० रुपये आणि एका माणसाच्या विश्वासाला लागलेला धक्का, त्याची किंमत इथे लिहिता येत नाही.

त्यानंतर तीन गोष्टी कायमच्या केल्या. रॅमची कुठलीही नवी सेटिंग लावली की विंडोजमध्ये जायचंच नाही, आधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ च्या चारही फेऱ्या. चाचणी पूर्ण होईपर्यंत मशीनला कामाची एकही फाइल दाखवायची नाही. आणि कार्डावरच्या व डिस्कवरच्या फाइलींचे एसएचए२५६ हॅश (फाइलवरून निघणारा, तिच्या ठशासारखा आकडा) जुळल्याशिवाय कार्ड फॉरमॅट होणार नाही. हॅशसाठी छोटी स्क्रिप्ट लिहिली, ४०० फोटोंना दोन-तीन मिनिटं लागतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

३६०० वर परत. चाचण्या नव्याने, सगळ्या स्वच्छ. १ फेब्रुवारीपासून या मशीनवर कॉपी झालेल्या प्रत्येक फाइलची तपासणी केली. ३६०० च्या काळातल्या सगळ्या ठीक निघाल्या. विंडोजच्या फाइली एसएफसी स्कॅननाऊ या आज्ञेने तपासल्या, दोन बिघडलेल्या सापडल्या आणि दुरुस्त झाल्या. ३७३३ वर पुन्हा जाणार नाही. आकड्यात ते एका मिनिटाचंही नव्हतं.

२० एप्रिल, रविवार

बाहेर ४३, खोलीत दुपारी ३६. खोली गार करायचा कूलर आहे, पण त्याच्या ओलाव्याची भीती वाटते म्हणून मशीनच्या खोलीत तो लावत नाही.

जानेवारी-फेब्रुवारीतल्या सगळ्या चाचण्या पुन्हा चालवल्या. प्रोसेसर ८५ पर्यंत गेला, पण कोअरसायक्लर रात्रभर स्वच्छ. रॅम मात्र अडखळली. टेस्टमेम५ मध्ये ५२ व्या मिनिटाला पहिली चूक आणि दीड तासात चार. मल्टिमीटरचा तापमान मोजायचा तार-सेन्सर रॅमच्या पत्र्याला कॅप्टॉन (उष्णता सोसणाऱ्या) टेपने चिकटवला, ५७ अंश. फेब्रुवारीत मोजलं नव्हतं, ती चूकच झाली. रॅमची चिप तापली की तिच्यातला विद्युतभार लवकर गळतो आणि आवळलेली टीआरएफसी मग पुरत नाही.

टीआरएफसी ४८६ वरून ५४० केली, म्हणजे ३०० नॅनोसेकंद. व्होल्टेज १.४० वरून १.३८. पुढून हवा आत घेणारा आणखी एक १२० चा पंखा बसवला, ५५० रुपये, रॅमच्या उंचीला. रॅम ४९ वर आली. सहा तास चूक नाही. नकाशा १ तास ३४ मिनिटं, म्हणजे उन्हाळ्याची किंमत एक मिनिट.

११ मे, रविवार

खोलीत ३९. बायोसमध्ये थर्मल थ्रॉटल लिमिट ९० ऐवजी ८० केली आणि पीपीटी ९५ वरून ८५ वर आणली. नकाशा १ तास ३६ मिनिटं. पंख्यांचा आवाज निम्म्यावर आला. ही ‘उन्हाळा’ नावाची प्रोफाइल, आणि फेब्रुवारीची आवळलेली टीआरएफसी धरून दुसरी ‘हिवाळा’ नावाची. दोन्ही बायोसमध्ये आणि पेनड्राइव्हवर.

एकूण खर्च कूलर, पंखा आणि पेट्रोल मिळून ३,३२० रुपये. रात्रभराच्या चाचण्या सोडून माझे हाताचे तास मोजले तर चाळीसच्या वर. १ तास ५२ मिनिटांवरून १ तास ३६. दिवसाला पाच शेतं धरली तर रोज सव्वा तासाच्या वर वाचतो.

बायोसच्या प्रत्येक पानाचे मोबाइलने फोटो काढले, छापले आणि कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवले. काल बाळापूरच्या काकांनी पेरणीआधीच्या उड्डाणासाठी पुन्हा बोलावलं होतं. ३८८ फोटो, सगळे हॅश जुळले, मग कार्ड फॉरमॅट केलं.